स्टोअररूमची किल्ली द्या: सेजी ओझावांच्या आठवणीत नागपूरच्या शाळा-संचालकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या शाळांचे संस्थाचालक, संचालक मंडळांचे सभासद आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २०२४. कॉटन मार्केटातून संत्री घेऊन नुकतीच घरात शिरले होते, पिशवी हातातच होती, आणि एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, तुमचे ओझावा गेले." हा मुलगा शाळेत क्लॅरिनेट वाजवायचा, आता हैदराबादला नोकरीला असतो. 'तुमचे' म्हणाला तो. मी त्या माणसाला कधी भेटले नाही, समोर बसून कधी ऐकलं नाही. तरी घरातलं कोणी गेल्यावर होतं तसंच झालं. संत्री दुसऱ्या दिवशीपर्यंत ओट्यावर तशीच पडून राहिली.

सेजी ओझावा ६ फेब्रुवारीला टोकियोत, राहत्या घरी, हृदयविकाराने गेले. वय ८८. जगाला बातमी कळली ती तीन दिवसांनी. त्यांच्यावर मोठमोठ्या जाणकारांनी लिहिलं. मी नागपुरातल्या एका शाळेत ३१ वर्षं संगीत शिकवलं आणि बँडपथक सांभाळलं, एवढीच माझी ओळख. तरी मी लिहितेय, आणि ते तुम्हालाच का लिहितेय, हे पुढे येईलच. पत्र लांबणार आहे. शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

ओझावा वाद्यवृंद-संचालक होते. आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की एसटीतला आठवतो आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं की देशपांडे सभागृहातली हिंदी गाण्यांची संध्याकाळ. त्यात वावगं काहीच नाही, त्या संध्याकाळी वाजवणारे कितीतरी हात शाळेच्या बँडातूनच तयार झालेले असतात. ओझावांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी-शंभर वादक: व्हायोलिनपासून ट्रॉम्बोनपर्यंत सगळे, पुढ्यात लिहिलेलं संगीत ठेवून वाजवणारे. आणि ऑपेरा म्हणजे हेच वादक रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसणार आणि वर अख्खं नाटक गाण्यातून चालणार. आपल्या संगीत नाटकात गद्य आणि पद आलटून पालटून येतं, तिथे बहुतेक सगळं गाऊनच. या सगळ्यांना एका श्वासात धरून ठेवणारा माणूस समोर उभा असतो, आणि संबंध संध्याकाळभर त्याच्या हातून एकही सूर वाजत नाही. वाजतात ते बाकीचे.

मराठीत त्याला संचालक म्हणतात. तुमच्या दारावरच्या पाटीवरही हाच शब्द आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

ओझावा माझ्याकडे आले ते कॅसेटमधून. १९९३ साल असेल. सीताबर्डीच्या एका दुकानात मी मुलांना ऐकवण्यासाठी ट्रम्पेट-क्लॅरिनेटचं काहीतरी शोधत होते. दुकानदाराने चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर'ची कॅसेट काढून दिली. वाजवणारे बॉस्टन सिम्फनी, संचालक सेजी ओझावा. अमेरिकेतल्या इतक्या जुन्या वाद्यवृंदापुढे जपानी माणूस उभा आहे, याचंच मला अप्रूप वाटलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं ओझावा माझ्यासाठी फक्त आवाज होते. फिती झिजल्या, एकदा तर पेन्सिलीने गुंडाळून परत बसवावी लागली. पण तो माणूस हात कसा देतो, म्हणजे वादकांना शिरण्याचा इशारा कसा करतो, हे मी पाहिलेलं नव्हतं.

आता मधली एक गोष्ट. ती मी आजवर फार कोणाला सांगितलेली नाही.

२६ जानेवारी १९९६, कस्तुरचंद पार्क. परेडला आमच्या शाळेचं पथक होतं, चाळीस मुलं. त्या थंडीत ट्रम्पेटचा माउथपीस ओठाला लावला की चटका बसतो. त्यामुळे मुलं आपापला माउथपीस मुठीत धरून फुंकर मारत उभी होती. आमची पाळी आली. मी हात वर केला आणि आठवीतला एक मुलगा एक मात्रा आधी शिरला. एकटाच. अख्ख्या मैदानावर त्याचा तेवढा एक सूर गेला. पुढच्याच क्षणी बाकीचे लागले, सगळं सावरलं, पण मंचावरच्या पाहुण्यांनी मान वळवून पाहिलं होतं. सोमवारी ऑफिसातून बोलावणं आलं. शाळेच्या इज्जतीबद्दल बरंच बोलणं झालं आणि त्या मुलाला पथकातून काढायचं ठरलं. मी "पोरगा घाबरला असेल, सर" इतकंच म्हटलं आणि गप्प बसले.

तो दोन दिवस संगीताच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, तुम्ही हात दिला होता ना जी." मला वाटलं, पोरगं बहाणे करून राहिलं. मी त्याला वर्गात जायला सांगितलं.

२००९ च्या दिवाळीत तो हैदराबादवाला क्लॅरिनेट घरी आला, लॅपटॉप घेऊन. "मॅडम, तुमचे ओझावा पाहायचे का?" आणि मी पहिल्यांदा त्यांचे हात पाहिले. पांढरे विस्कटलेले केस, हातात काडी नाही, समोर कागद नाही, सगळं पाठ. सुरुवात व्हायच्या आधीचा क्षण तर सेकंदाचाही नसेल. हात वर जातो, त्याच्याबरोबर छाती भरते, आणि समोरच्या व्हायोलिनवाल्यांचे खांदेसुद्धा तेवढेच वर येतात. मग हात सुटतो, पडतो, तळाला लागून उसळतो, आणि सूर नेमका तिथे येतो. सगळ्यांचा.

हे त्यांना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. हिदेओ सैतो मूळचे चेलोवादक, जर्मनीत शिकून आलेले आणि अतिशय कडक. संचालकाच्या हाताच्या हालचालींची त्यांनी बाराखडी बसवली होती. तिचं पहिलं अक्षर 'ताताकी', म्हणजे ठोका: हात कसा पडू द्यायचा आणि कुठे उसळू द्यायचा. वाचायला किरकोळ वाटेल. पण ज्याने हयातभर चाळीस पोरांपुढे हात वर केला आहे, त्याला विचारा.

तो तुकडा मी पंचवीस-तीस वेळा मागे नेऊन पाहिला. मग आरशासमोर उभी राहिले आणि माझा नेहमीचा हात देऊन पाहिला. हात वरच्या टोकाला पोचला की माझं मनगट झटकत होतं. माझ्या हाताला दोन ठोके होते, एक वर आणि एक खाली. वरचा पाहून कोणीही शिरलं असतं. मग बाकीची एकोणचाळीस मुलं का शिरली नाहीत? कारण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती साइड ड्रमच्या आवाजावर शिरत. माझ्या हाताकडे पाहणारा एकच मुलगा त्या पथकात होता, आणि त्यालाच आम्ही काढून टाकलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर ओझावांबद्दल मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की घरच्यांनी दार लावून घेणं काय असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. जन्म १९३५ चा, तोही मांचुरियात. लहानपणी पियानो शिकत होते, रग्बी खेळताना बोटं मोडली आणि पियानो सुटला. तेव्हा ते संचालनाकडे वळले आणि सैतोंच्या हाताखाली तयार झाले. १९५९ मध्ये मालवाहू जहाजातून एक स्कूटर आणि एक गिटार घेऊन फ्रान्सला निघाले. मार्सेला उतरून त्याच स्कूटरवर पॅरिस गाठलं. बेझान्सोंच्या संचालन स्पर्धेच्या अर्जाची मुदत टळून गेली होती, तरी खटपट करून नाव घातलं आणि पहिले आले. तिथून टँगलवूड ही अमेरिकेतली उन्हाळी संगीतशाळा, बर्लिनमध्ये कारायान या नामवंत संचालकांचं मार्गदर्शन, न्यूयॉर्कमध्ये तितकेच नामवंत संचालक बर्नस्टाइन यांचे सहायक. आणि २७ व्या वर्षी मायदेशी, एनएचके सिम्फनी या जपानी नभोवाणीच्या वाद्यवृंदापुढे.

तिथल्या वादकांना हा तरुण रुचला नाही. त्यांनी त्यांच्यासोबत वाजवायलाच नकार दिला. डिसेंबर १९६२ मध्ये बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीचा, म्हणजे जिच्या शेवटी गायकवृंदही गातो त्या रचनेचा, कार्यक्रम रद्द झाला. ओझावा तरीही सभागृहात गेले आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहिले. जानेवारीत टोकियोतल्या लेखक-कलावंतांनी पुढाकार घेऊन खास त्यांच्यासाठी वेगळी मैफल घडवून आणली, पण त्यानंतर ते परदेशीच गेले. त्या वाद्यवृंदापुढे ते परत उभे राहिले जानेवारी १९९५ मध्ये. ३२ वर्षांनी. आणि १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला त्यांनी तीच नववी सिम्फनी घेतली. गाणारे पाच खंडांत उभे होते: बीजिंग, न्यूयॉर्क, बर्लिन, केपटाउन, सिडनी. उपग्रहावरून आवाज मागे-पुढे पोचतो, ते अंतर यंत्राने जुळवून घेतलं होतं. एका सभागृहातल्या माणसांनी ज्याच्याबरोबर ती वाजवायला नकार दिला, त्याच्याबरोबर ती पाच खंडांनी गायली. हे वाचताना मला दाराशी उभा राहिलेला तो मुलगा दिसत होता.

तो मला २०१३ च्या लग्नसराईत भेटला. गांधीबागेतून वरात चालली होती. बँडवाल्यांत सगळ्यात पुढे ट्रम्पेट घेऊन तोच, गणवेशावर सोनेरी झालर. त्यानेच मला ओळखलं. गाणं संपताच जवळ आला, वाकून पाया पडला. मी तिथेच रस्त्यात सांगितलं, "बाळा, तेव्हा तू बरोबर होतास. हात माझा चुकला होता." तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम. कधीचं झालं ते." पण ट्रम्पेटच्या चाव्यांवरची त्याची बोटं थरथरत होती. घोडीवाला ओरडायला लागला तशी वरात पुढे सरकली. तो वळला, आपल्या माणसांकडे पाहून हात वर केला, श्वास घेतला, आणि सगळे एकदम लागले. त्याच्या हाताला एकच ठोका होता.

ओझावांची बाकीची कारकीर्द लिहायला लागले तर पत्र संपायचं नाही. टोरांटो, सॅन फ्रान्सिस्को, मग बॉस्टन सिम्फनीचे १९७३ ते २००२ असे सलग २९ वर्षं संगीत संचालक. इतका काळ तिथे दुसरं कोणी राहिलं नाही. त्यानंतर २०१० पर्यंत व्हिएन्ना स्टेट ऑपेराचे संगीत संचालक. ऑपेराकडे ते उशिरा वळले. सिम्फनी आणि ऑपेरा ही एका गाडीची दोन चाकं आहेत, एका चाकावर गाडी चालत नाही, असं कारायान यांनी त्यांना बजावलं होतं म्हणतात. १९८३ मध्ये पॅरिसला फ्रेंच संगीतकार मेसियाँ यांचा संत फ्रान्सिसवरचा ऑपेरा त्यांनी पहिल्यांदा रंगमंचावर आणला. चार तासांहून जास्त संगीत, सव्वाशेच्या आसपास वादक, दीडशे जणांचा गायकवृंद. सात ट्रम्पेट सांभाळताना मला घाम फुटायचा, म्हणून हे आकडे मी कुठेही वाचले तरी थांबतेच.

१९७८ ची बीजिंगमधली गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिथल्या संगीत विद्यालयात एका मुलीने एरहूवर, म्हणजे दोन तारांच्या चिनी वाद्यावर, एक धून वाजवली. ती रचना रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका अंध वादकाची. ऐकता ऐकता ओझावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. असं संगीत गुडघे टेकून ऐकायला हवं, असं ते म्हणाले. बॉस्टनचा संचालक, आणि रस्त्यावरच्या वादकाच्या सुरापुढे वाकलेला. आपल्या गावात वरातीतल्या ट्रम्पेटवाल्याकडे कोण मान वळवून पाहतं?

गुरूसाठी त्यांनी जे केलं ते तर मला आपल्याच घरातलं वाटतं. सैतो १९७४ मध्ये गेले. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, ओझावा आणि काझुयोशी आकियामा या दोघा शिष्यांनी जगभर पांगलेल्या गुरुबंधू-भगिनींना एकत्र आणून गुरूच्या नावाने वाद्यवृंद उभा केला: सैतो किनेन. किनेन म्हणजे स्मृती. आपल्याकडे गुरूच्या पुण्यतिथीला शिष्य जमतात, एकेक जण आपली हजेरी लावतो. इथे सगळ्यांनी मिळून एकच हजेरी लावायची. १९९२ पासून मात्सुमोतो या डोंगरांतल्या गावी त्यांचा दरवर्षी उत्सव भरू लागला.

आणि आता माझ्या मुद्द्यावर येते. त्या मात्सुमोतोत उत्सवाच्या वेळी शाळांची आणि हौशी मंडळींची बँडपथकं रस्त्याने वाजवत निघतात, गावच्या किल्ल्यापाशी जमतात आणि तिथे सगळी एकदम वाजवतात. ओझावांनी स्वतः त्यांच्यापुढे उभं राहून हात दिलेला आहे. व्हिएन्नाच्या ऑपेराला दिला तोच हात, शाळेतल्या ट्रम्पेटवाल्या पोरांना. चेलोवादक रोस्त्रोपोविच यांच्याबरोबर तरुण वादकांना घेऊन ते जपानच्या खेडोपाडी फिरले, देवळांत आणि शाळांच्या व्यायामशाळांत जाऊन वाजवलं.

आपल्याकडे काय आहे ते सांगू का? मी २०१७ मध्ये निवृत्त झाले. दोनच वर्षांत आमचं पथक बंद पडलं. मागे एकदा काही कागदपत्रांसाठी शाळेत गेले होते, तेव्हा जिन्याखालच्या स्टोअररूमचं दार शिपायाने उघडून दाखवलं. बेस ड्रमचं कातडं फाटून आत उंदरांनी कागदाचा चुरा केलेला. क्लॅरिनेटच्या पेटीला बुरशी. युफोनियमच्या, म्हणजे त्या मोठ्या पितळी वाद्याच्या, तोंडात स्नेहसंमेलनाच्या पताका कोंबून ठेवलेल्या. मी त्या काढल्या आणि व्हॉल्व्ह दाबून पाहिले, तिन्ही जाम. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आता स्पीकरवर रेकॉर्ड लावतात. ही एकाच शाळेची कथा नाही. सोबतचे जुने संगीतशिक्षक भेटतात तेव्हा प्रत्येकाकडे अशी एक कुलूपबंद खोली असते.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत, मीही त्याच स्टाफरूममध्ये बसलेली आहे. तासिका पुरत नाहीत, दहावीचा निकाल पालक आधी विचारतात, संगीताचं पद रिकामं झालं की भरलं जात नाही. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेलं आहे की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. आणि वाद्यं तर तुमच्याकडे आहेतच, कोणी ना कोणी देणगी गोळा करून घेतलेली. वर्गात प्रत्येक मूल स्वतःचे मार्क मिळवतं. बँडात शेजारच्याचं ऐकल्याशिवाय स्वतःचं वाजवताच येत नाही. चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे दुसरं कुठे शिकवता येतं, मला खरंच दिसलेलं नाही.

मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी शाळा सुटल्यावर, एक तास. ज्यांना वाजवायचंय त्यांना वाजवू द्या. चुकलं तर काढू नका, आधी हात कोणाचा चुकला ते पाहा. आणि येत्या हिवाळ्यात एका संध्याकाळी, कोणतीही परेड नसताना, आपल्या गावातल्या पथकांना कस्तुरचंद पार्कवर एकत्र वाजवू द्या. लग्नातले बँडवालेही बोलवा. मी एका ट्रम्पेटवाल्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे, तो यायला तयार आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ओझावांनी शेवटचा हात दिला. अन्ननलिकेच्या कॅन्सरने आणि इतर आजारांनी ते पार थकले होते, व्हीलचेअरवर बसून होते. सैतो किनेनपुढे त्यांनी बीथोव्हनचं 'एग्माँट'चं प्रास्ताविक घेतलं आणि ते अंतराळस्थानकावरच्या कोइची वाकाता या अंतराळवीरापर्यंत पोचवलं गेलं. खांद्यावर जोर द्यायची ताकद राहिली नव्हती. पण वादकांच्या नजरा त्या हातावरच होत्या, आणि तो एवढासा हलला तरी सगळे एकदम शिरत होते. माझ्याकडे पाहणारा एकच होता.

पैसे नकोत. मी ६५ ची आहे, गुडघे कुरकुरतात, पण खुर्चीवर बसून हात देता येतो, आणि आता तो बरोबर देता येतो. सोबत दोन जुने सहकारीही येतील. युफोनियमचे जाम व्हॉल्व्ह रात्रभर तेल सोडून ठेवले की बहुतेक वेळा सुटतात, ते काम माझ्याकडे. ब्रासो, जुनी सुती धोतरं, व्हॉल्व्हचं तेल आणि क्लॅरिनेटच्या नव्या रीड्स मी आणून ठेवल्या आहेत. कोणता शनिवार, तेवढं ठरवा. तुम्हाला थांबायला जमलं नाही तर किल्ली शिपायाकडे दिली तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त संगीतशिक्षिका
नागपूर